अभावाच्या तीन तऱ्हा

डॅलस परिसरातल्या मंडळींना फेब्रुवारी २०२१ ची आठवण करून द्यायला नको. १५ तारखेला पहाटे प्लेनोमधल्या आमच्या घरची वीज गेली. दुसऱ्या दिवशी पारा उणे १९ अंश सेल्सिअसवर उतरला. टेक्सासमधली पंचेचाळीस लाखांहून अधिक घरे त्या आठवड्यात अंधारात गेली. राज्याची सगळी ग्रिड पूर्ण कोसळायला अवघी ४ मिनिटे ३७ सेकंद उरली होती, हे पुढे बाहेर आले. माझी डॉक्टरेट कंट्रोल सिस्टिम्समधली. तो आकडा वाचून पोटात गोळाच आला.

कोविडमुळे परतीचा प्रवास लांबलेले माझे आईवडील तेव्हा आमच्याकडेच होते. कुणी न सांगता अण्णांनी आदल्या रात्रीच बाथटब पाण्याने भरून ठेवला होता. तीन दिवस आम्ही पाच जण फायरप्लेससमोर गाद्या टाकून राहिलो. कोपऱ्यावरच्या घरी गॅसची शेगडी होती, तिथून भाताचे पातेले येई. आमच्याकडची सरपणाची मोळी त्यांच्याकडे जाई. वीज आल्यावर मी मोठ्या ऐटीत मुलीला म्हणालो, "आता कळलं ना, आजोबांनी बहात्तरचा दुष्काळ कसा काढला ते?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "नाही रे. ही अडचण झाली. दुष्काळ निराळा."

खरे सांगायचे तर मला थोडा रागच आला. पण त्या वाक्याने मला वाचायला बसवले. वाचता वाचता माझी अशी समजूत झाली की 'अभाव' हा शब्द एक असला तरी त्याच्या निदान तीन तऱ्हा आहेत, आणि प्रत्येक तऱ्हा माणसावर निराळी खूण ठेवून जाते.

पहिली तऱ्हा म्हणजे वस्तूच नसणे. त्या आठवड्यात आमच्या बँकेत पैसे होते, नोकऱ्या शाबूत होत्या. नव्हती ती वीज. हा अभाव हलका होता असे मी म्हणणार नाही. राज्याने २४६ मृत्यूंची नोंद केली, त्यांतले बहुतेक थंडीने झाले. पण आमच्या गल्लीपुरते बोलायचे तर तो सर्वांना सारखा होता आणि संपणार हे ठाऊक होते. अशा वेळी माणसे जवळ येतात. मागे उरतात त्या सांगायच्या गमती आणि गॅरेजमध्ये रचून ठेवलेली लाकडे.

दुसरी तऱ्हा म्हणजे वस्तू असते, पण ती घ्यायची ऐपत नसते. १८७६ साली दख्खनचा पाऊस फसला आणि १८७८ पर्यंत दुष्काळाने लाखो माणसे नेली. त्या काळात रेल्वे होती, बाजारात धान्य होते, हिंदुस्थानचा गहू इंग्लंडला जातही होता. शेतमजुराची मजुरी मात्र बुडाली होती. दुष्काळ म्हणजे केवळ धान्याची टंचाई नव्हे, ते मिळवण्याची ताकद जाणे, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ग्रंथात मांडले. दख्खनच्या मजुराने ते शंभर वर्षे आधी भोगले होते.

सर रिचर्ड टेंपल यांनी १८७४ साली बिहारमध्ये ब्रह्मदेशाहून तांदूळ आणवून माणसे वाचवली होती, आणि उधळपट्टीबद्दल बोलणी खाल्ली होती. १८७७ साली मात्र ते काटकसर करायलाच निघाले. त्यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाची रोजची मजुरी ठरवली ती एक पौंड धान्य आणि वर एक आणा. इंजिनियरच्या सवयीने मी हिशेब मांडला: ४५० ग्रॅम धान्य म्हणजे साधारण सोळाशे कॅलरी.

हा आकडा ओळखीचा वाटला. १९४४-४५ साली मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट स्वयंसेवकांना सहा महिने जवळजवळ इतक्याच कॅलरींवर ठेवले होते. ते तरुण चिडचिडे झाले, एकलकोंडे झाले, ताटे चाटू लागले, पाकपुस्तके वाचत बसू लागले. त्यांना प्रयोग संपणार हे माहीत होते आणि दगडही फोडायचे नव्हते. आपल्या माणसांना फोडायचे होते.

तरीही ती माणसे नुसती खचली नाहीत. मुंबई इलाख्यात सुमारे एक लाख मजुरांनी कपात झालेली मजुरी नाकारून काम सोडले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या मंडळींनी, त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. उपाशी माणूस संप करतो, हे मला शाळेत कुणी शिकवले नव्हते.

१९७२ च्या दुष्काळात निराळे घडले. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती: खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबंडिंग. हातात मजुरी होती म्हणून मोठी मनुष्यहानी टळली. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात करून पाहिलेल्या प्रयोगाला तेव्हा बळ आले, आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. २००५ साली देशाने तीच वाट धरली.

माण तालुक्यातले आमचे अण्णा तेव्हा सोळा वर्षांचे. आजीबरोबर ते खडीवर जात. कामावर सुकडी मिळे आणि रेशनला अमेरिकेतून आलेला लाल मिलो. प्लेनोहून वेकोकडे जाताना हिल्सबरोच्या आसपास जूनमध्ये मिलोची लाल कणसे दिसतात. अण्णांना ती दाखवली तर म्हणाले, "ही इथे गुरांना घालतात ना? भाकरी थापताना फुटायची." उपाशी राहिल्याचे ते सांगत नाहीत. सांगतात ते एवढेच, की बैल विकले त्या दिवसापासून आजोबा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. पुढच्या वर्षी पाऊस आला. बैल आले नाहीत.

तिसरी तऱ्हा सर्वांत वाईट. वस्तू असते, पैसाही पडत नाही, पण मुभा नसते. महाड कोकणातले, तिथे पावसाला तोटा नाही. चवदार तळे भरलेले असे. गुरे त्यावर पाणी पीत, अस्पृश्य मानलेल्या माणसाला मात्र बंदी. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले, पण कागदावर. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली, आणि १०८ घागरी पंचगव्य ओतून तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. हायकोर्टाचा निकाल मार्च १९३७ मध्ये लागला. घोटभर पाण्यासाठी दहा वर्षे!

हा अभाव पाऊस पडल्याने संपत नाही आणि मजुरी वाढवूनही संपत नाही. त्यात तहान असतेच, पण वर असते ते 'तू आमच्यातला नाहीस' हे रोज ऐकणे.

महाडविषयी वाचत असताना मी अण्णांना फोन केला. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "खडीवर माझ्या शेजारी माझ्याच वयाचा एक मुलगा बसायचा. हजेरीपट एक, मुकादम एक, मिलोही तोच. पाण्याचे माठ मात्र दोन. एकदा भर उन्हात त्यांचा माठ रिकामा झाला. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून खडी फोडत राहिलो." थोडे थांबून म्हणाले, "दुष्काळाचं आता काही वाटत नाही. त्याचं वाटतं."

बाबा आढाव त्याच सुमारास 'एक गाव एक पाणवठा' म्हणत गावोगाव फिरत होते. काय चालले आहे हे कुणाला कळत नव्हते, असे नाही.

दोन बॅगा आणि थोडे डॉलर घेऊन आलो, ही आपली अभावाची गोष्ट आपण पार्ट्यांमधून आवडीने सांगतो. सांगावी. मात्र ती कोणत्या तऱ्हेची, हेही सांगावे. आणि गावासाठी वर्गणी काढताना विचारावे, की टँकरने भागेल, की काम द्यावे लागेल, की माठच एक करावा लागेल?

मुलीसाठी मी अण्णांच्या आठवणी लिहून काढतो आहे. मिलोची गोष्ट आहे, बैलांची आहे. माठाची घालू का, असे त्यांना विचारले.

"ती आधी लिही," अण्णा म्हणाले.