बिऱ्हाड पाठीवर, मीटर खांबावर

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ती अक्षरशः खरी करून दाखविणारीं कुटुंबें पाहावयाचीं असतील, तर उन्हाळ्याच्या सुट्टींत इंग्लंडच्या रस्त्यांवर दृष्टि टाकावी. मोटारीच्या मागें चाकांवरचें एक लहानसें घर जोडावयाचें, त्यांत अंथरूण-पांघरूण आणि चहाचें सामान भरावयाचें, आणि समुद्रकांठीं किंवा डोंगराच्या पायथ्याशीं याच कामासाठीं राखलेल्या एखाद्या माळावर मुक्काम ठोकावयाचा, हा तेथील मध्यम स्थितींतील लोकांचा आवडता विहार आहे. या फिरत्या घराला ते 'कॅरॅव्हॅन' म्हणतात.

माळाच्या मालकाला जागेचें भाडें द्यावें लागतें, हें उघडच आहे. परंतु पुष्कळ ठिकाणीं त्या जागेच्या कडेला एक बुटका खांब उभा असतो. त्यांत निळ्या रंगाची जोडणी असते. निळा रंग ही २०० ते २५० व्होल्टांच्या दाबाची ठरलेली खूण आहे. गाडीची तार तींत खोंचली, कीं गाडींत दिवा लागतो, किटली उकळते, थंडीच्या रात्रीं लहानशी शेगडीही तापते. मुक्काम हलवावयाच्या दिवशीं मात्र एक साधाच प्रश्न उभा राहतो: विजेचे पैसे किती, आणि ते कोणत्या हिशेबानें?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण शेजारीं शेजारीं उभ्या असलेल्या दोन गाड्यांची कल्पना करा. एकींत एक वृद्ध जोडपें आहे. तें संध्याकाळीं १० वॉटांचा एकच दिवा ५ तास लावतें. दुसरींतील मंडळी १,००० वॉटांची शेगडी रात्रभर, म्हणजे १० तास, पेटती ठेवतात. १,००० वॉट एक तासभर वापरले म्हणजे एक युनिट होतें. या मापानें जोडप्यानें एका युनिटाचा विसावा भाग घेतला आणि शेजाऱ्यांनीं १० युनिटें घेतलीं. म्हणजे २०० पट! मालकानें रात्रीमागें दोघांनाही सारखीच रक्कम लावली, तर काटकसर करणारा उधळ्याचें बिल भरतो. आणि मीटर बसवून मोजून पैसे घ्यावयाचे म्हटलें, तर दुसरी शंका येते: तो मीटर खरा कशावरून, आणि दर योग्य कशावरून?

या खांबाशीं उभ्या राहणाऱ्या प्रवाशाला ठाऊक नसतें, कीं त्याच्या या दोन शंकांचीं उत्तरें शोधण्यांत जवळजवळ दोन शतकें गेलीं आहेत. आजच्या भाषणांत हाच इतिहास आपल्यापुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

त्याची सुरुवात विजेपासून नव्हे, तर धुराच्या दिव्यापासून, म्हणजे कोळशाच्या वायूपासून होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनमध्यें हा वायु नळांनीं घरोघर जाऊं लागला, तेव्हां तो मोजण्याचें साधन कोणाजवळ नव्हतें. दिवे किती आणि ते रात्रीं किती वाजेपर्यंत जळावयाचे, एवढें ठरवून वर्षाची रक्कम आकारीत. साहजिकच ठरलेल्या वेळेनंतरही दिवे जळत राहत, आणि ते विझले कीं नाहींत हें पाहण्यासाठीं कंपनीचीं माणसें रस्त्यांतून हिंडत. सॅम्युएल क्लेग या यंत्रज्ञानें १८१५ च्या सुमारास वायूचा मीटर तयार केला आणि ही पाळत हळूहळू संपली. ठराविक रक्कम घेणाऱ्याला गिऱ्हाइकावर डोळा ठेवावा लागतो; मापून देणाऱ्याला लागत नाहीं. आजही ज्या माळावर विजेची रक्कम ठराविक आहे, तेथें मालक मोठी शेगडी वापरूं नका, असें बजावीत असेल, तर त्याचें मूळ या जुन्या पाळतींतच आहे.

वीज मात्र वायूपेक्षां अधिक मायावी. ती दिसत नाहीं, तिला वजन नाहीं, तिनें एखादें मापटें भरत नाहीं. सॅम्युएल गार्डिनर या अमेरिकनानें १८७२ सालीं पहिलें पेटंट घेतलें, तें वस्तुतः एक घड्याळच होतें. दिवा लागला कीं तें चालूं होई आणि विझला कीं थांबे. वीज किती गेली हें त्याला कळत नसे. किती वेळ गेली एवढेंच कळे.

एडिसननें न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीटवरचें आपलें वीजघर १८८२ च्या सप्टेंबरांत सुरू केलें, आणि गिऱ्हाइकांच्या घरीं जे मीटर बसविले, ते रसायनशास्त्राच्या आधारावर चालत. एका कांचेच्या भांड्यांत जस्ताच्या क्षाराचें पाणी आणि त्यांत जस्ताचे दोन पत्रे. घरांत येणाऱ्या प्रवाहाचा एक अत्यंत लहान पण ठराविक अंश या पाण्यांतून जाई. त्यामुळें एका पत्र्यावरचें जस्त सुटून दुसऱ्यावर बसे. महिन्याच्या शेवटीं कंपनीचा माणूस येऊन ते पत्रे काढून नेई, तराजूंत तोली, आणि वजनांतील फरकावरून बिल होई. हिवाळ्यांत पाणी गोठूं नये म्हणून पेटींत एक लहान दिवा ठेवलेला असे; थंडी वाढली कीं तो आपोआप लागे.

युक्ति अचूक होती, यांत संशय नाहीं. तथापि तींत एक मोठें व्यंग होतें. गिऱ्हाइकाला आपल्या घरांतला तो मीटर वाचतांच येत नसे. पत्रे कंपनीचे, तराजू कंपनीचा आणि तोलणाराही कंपनीचाच. आपल्या बाजारांत धान्य घेणारी गृहिणी पायली डोळ्यांनीं पाहते, ती कांठोकांठ भरली कीं नाहीं हें स्वतः तपासते, आणि शंका आली तर वाण्याशीं हुज्जत घालते. एडिसनच्या गिऱ्हाइकाला ही हुज्जत घालण्याची सोयच नव्हती. जें माप केवळ विकणाऱ्यालाच वाचतां येतें, तें कितीही खरें असलें तरी अर्धेंच माप होय.

हें व्यंग दूर झालें तें फिरणाऱ्या मीटरांमुळें. १८८८ सालीं ऑलिव्हर शॅलेनबर्गर हा वेस्टिंगहाउस कंपनीचा अभियंता एक दिवा तपासीत असतांना त्यांतील एक लहानशी स्प्रिंग निसटून वेटोळ्याजवळ पडली आणि आपोआप फिरूं लागली. पाहणारे असें पुष्कळ पाहतात आणि विसरून जातात. शॅलेनबर्गरनें त्यांतून उलटसुलट वाहणारा प्रवाह मोजणारा मीटर बनविला. पुढच्याच वर्षीं बुडापेस्टच्या गांझ कारखान्यांतील ओटो ब्लाथी यानें, नुसता प्रवाह नव्हे तर प्रत्यक्ष खर्ची पडलेली वीजशक्ति मोजणारा मीटर सिद्ध केला. पातळ धातूची एक चकती वीज जितकी जास्त तितकी जलद फिरते आणि तिच्या फेऱ्या दांत्यांच्या चाकांनीं आंकड्यांवर मांडल्या जातात, ही ती रचना. पुढें शंभरांहून अधिक वर्षें घरोघरच्या भिंतींवर हीच चकती फिरत राहिली. आतां तिची जागा चकतीवांचून चालणाऱ्या मीटरांनीं घेतली आहे. पण ब्लाथीच्या मीटराचें खरें महत्त्व असें, कीं त्याचे आंकडे घरांतल्या शाळकरी मुलालाही वाचतां येत. माप प्रथमच दोघांचें झालें.

मापाचा प्रश्न असा सुटला. पैशांचा मात्र सुटावयाचा होता. तीन महिन्यांचें बिल एकदम भरण्याची ऐपत मजुराला नसे, आणि आज येथें तर उद्यां तेथें राहणाऱ्या बिऱ्हाडकरूला उधार देण्याची कंपनीची तयारी नसे. बर्मिंगहॅमच्या आर. डब्ल्यू. ब्राउनहिल यांनीं १८८७ सालीं वायूच्या मीटराला नाणें टाकण्याची फट जोडली. एक पेनी टाका, तेवढ्याचा वायु घ्या, संपला कीं दुसरी टाका. १८९० नंतरच्या दशकांत लंडनच्या मजूर वस्त्यांत हे मीटर झपाट्यानें पसरले. पुढें विजेलाही तीच युक्ति लागू झाली, आणि भाड्याच्या खोल्यांतून 'मीटरांत शिलिंग टाकणें' हा इंग्रजी जीवनांतील एक नित्याचा विधीच होऊन बसला. फिरत्या बिऱ्हाडांच्या माळांवरही नाणीं, बिल्ले किंवा आगाऊ विकत घेतलेलें कार्ड घेणारे मीटर आले ते याच वंशांतले. आज आला, उद्यां गेला, अशा गिऱ्हाइकाला आगाऊ पैसे हाच सोईचा मार्ग होता.

परंतु येथेंच नवें संकट उद्भवलें. नाणें घेणाऱ्या मीटरांत एका नाण्याला किती वीज द्यावयाची, हें आंतील एका योजनेनें ठरवितां येतें. कंपनीच्या मीटरांत तें कंपनी ठरवी. पण खोलीच्या किंवा माळाच्या मालकानें स्वतः बसविलेल्या मीटरांत तें मालकाच्या हातीं गेलें. तो स्वतः वीज उत्पन्न करीत नाहीं. कंपनीकडून घेतो आणि पुढें विकतो. चकती प्रामाणिकपणें फिरते, आंकडे सर्वांना दिसतात, आणि तरीही गिऱ्हाईक नाडलें जातें. कारण लबाडी आतां मापांत उरली नव्हती. ती दरांत शिरली होती.

ब्रिटिश पार्लमेंटनें हें ओळखलें. १९४८ च्या १ एप्रिलपासून तेथील वीजपुरवठा सरकारी मंडळांच्या हातीं गेला, आणि १९५७ च्या विजेच्या कायद्यानें त्या मंडळांना, आपल्याकडून घेतलेली वीज पुढें विकणाऱ्यांनीं जास्तींत जास्त काय दर घ्यावा, हें ठरविण्याचा अधिकार दिला. १९८९ च्या कायद्यानेंही हें तत्त्व कायम ठेवलें आणि मर्यादेबाहेर घेतलेली रक्कम परत वसूल करण्याचा हक्क गिऱ्हाइकाला दिला. तरीही एक फट राहिलीच. पुनर्विक्रीची मर्यादा सर्वांना एकच असे. पण मोठ्या माळाच्या मालकाला घाऊक वीज स्वस्त मिळे. मधला फरक तो निमूटपणें खिशांत घाली. ही फट १ जानेवारी २००३ पासून बुजली. 'ऑफजेम' या नियामक संस्थेनें असा नियम केला, कीं घरगुती वापरासाठीं वीज पुढें विकणाऱ्यानें ती स्वतः ज्या दरानें घेतली त्याच दरानें विकावी; अधिक नाहीं. भाड्याच्या खोल्यांप्रमाणेंच चाकांवरच्या घरांनाही हा नियम लागू आहे.

मालकाची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. त्यानें माळ खणून तारा पुरल्या, खांब उभे केले; गाडी येवो वा न येवो, हा खर्च चालूच राहतो. जॉन हॉपकिन्सन या थोर अभियंत्यानें १८९२ सालींच हें दाखवून दिलें होतें, कीं विजेच्या किंमतींत दोन वेगळे भाग असतात: एक प्रत्यक्ष वापरलेल्या विजेचा, आणि दुसरा केव्हांही मागाल तेव्हां ती देण्यासाठीं सज्ज राहण्याचा. हा दुसरा खर्च मालकानें मागूं नये असें कोणी म्हणणार नाहीं. मागणें एवढेंच, कीं त्यानें तो युनिटाच्या पोटांत लपवूं नये. जागेचें भाडें म्हणून घ्यावें, खांबाचा आकार म्हणून घ्यावा. पण विजेचा दर विजेचाच असावा.

श्रोतेहो, आपल्यापैकीं बहुतेकांना चाकांवरच्या घरांत राहण्याचा योग येणार नाहीं. परंतु मुंबई-पुण्याला भाड्याच्या खोलींत राहिलेल्या प्रत्येकाला सब-मीटर ठाऊक आहे. मुख्य मीटर मालकाच्या दाराशीं, त्यावरचें बिल मालकाच्या कपाटांत, आणि आपल्या वांट्याला जिन्याखालचा एक लहान मीटर व तोंडीं सांगितलेला दर. भारताच्या १९१० च्या विजेच्या कायद्यानेंही कंपनी व गिऱ्हाईक यांच्यामध्यें बिनचूक मीटर असावा, असा दंडक घातला होता. पण बिनचूक मीटर ही निम्मी हमी झाली. इंग्लंडांतील माळावरचा तो बुटका खांब उरलेली निम्मी हमी कोणती, तें आपल्याला शिकवितो.

मापांत पाप, असें आपण म्हणतों. क्लेगपासून ब्लाथीपर्यंतच्या यंत्रज्ञांनीं तें पाप मापांतून काढून टाकलें. दरांतून तें काढावयास मात्र कायदा लागला, कारण तें काम कोणत्याही चकतीला जमण्यासारखें नव्हतें. आणि कायदा झाला तरी तो खांबाशीं येऊन उभा राहत नाहीं. म्हणून पाठीवर बिऱ्हाड घेऊन निघालेल्या प्रवाशानें काय, किंवा चाळींतल्या भाडेकरूनें काय, मुक्कामाच्या पहिल्या दिवशीं दोन गोष्टी कराव्या. मीटरावरचा आंकडा स्वतः टिपून घ्यावा, आणि मालकाला सौजन्यानें विचारावें, "आपणांस युनिट काय दरानें पडतें, तें बिल एकदां पाहूं का?" सरळ मालक तें आनंदानें दाखवील. जो दाखविणार नाहीं, त्याच्या मीटराची चकती कितीही सरळ फिरो, हिशेब सरळ नाहीं असें समजावें.