ड्रायरची कुळकथा

धुणे हे कष्टाचे काम खरे, पण त्याहून कष्टाचे काम ते पिळण्याचे. चादरीचे एक टोक एकीने धरावे, दुसरे दुसरीने, आणि दोघींनी उलटसुलट पीळ घालावा, हे आपल्यापैकी बहुतेकींनी केलेले आहे. पावसाळ्यात तेवढ्यानेही भागत नसे. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर डालगे पालथे घालून त्यावर दुपटी पसरीत. ती वाळत, पण धुराचा वास राहून जाई. आता पुष्कळ घरी पिळण्याचे काम धुण्याच्या यंत्रातली फिरती टोपली करते. तिला आपण ड्रायर म्हणतो. ही टोपली कुरकुरू लागली की आपण घाबरतो, किंवा तेलाची बाटली शोधू लागतो. त्याऐवजी तिची कुळकथा जाणून घ्यावी असे मला वाटते, कारण तिच्या बहुतेक आवाजांचे मूळ त्या कथेतच आहे.

पूर्वी विलायतेत कपडे दोन रुळांमधून दाबून काढीत. पाणी निघे, पण गुंड्या फुटत आणि बायकांची बोटेही रुळांत सापडत. निराळी युक्ती निघाली ती फ्रान्समध्ये. पेन्झोल्ट नावाच्या कारागिराने १८३६ च्या सुमारास भोके पाडलेली टोपली गरगर फिरवून कापडातले पाणी बाहेर फेकणारे यंत्र केले. ओली छत्री फिरविली म्हणजे थेंब उडतात, तोच हा न्याय.

ही युक्ती कापडापुरती राहिली नाही. थोड्याच वर्षांत ती साखरेच्या धंद्यात गेली. साखरेच्या दाण्यांना चिकटलेली मळी फिरत्या टोपलीतून वेगळी होऊ लागली. हवाई बेटांत डेव्हिड वेस्टन याने १८५२ च्या सुमारास असे यंत्र चालविले. आपल्याकडे १९५० साली प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला आणि पुढे महाराष्ट्रभर असे कारखाने निघाले. त्यांतही दाणा आणि मळी वेगळी होते ती फिरत्या टोपलीतच. स्वीडनच्या द लाव्हाल याने १८७८ साली याच तत्त्वावर दुधातून साय काढणारे यंत्र केले. म्हणजे आपली चादर, चहातली साखर आणि डेअरीतले लोणी ही एकाच गोत्रातली म्हणावयाची! घरगुती यंत्रात ही टोपली १९२० नंतर अमेरिकेत आली. इंग्लंडमध्ये १९५७ साली हूव्हर कंपनीने दोन टोपल्यांचे यंत्र काढले. आपल्याकडचे अर्धस्वयंचलित यंत्र त्याच जातीचे. भारतात ते मध्यमवर्गीय घरांत दिसू लागले १९८० नंतर.

टोपली फिरविणे सोपे होते. अडचणी आल्या त्या तीन.

पहिली अडचण तोलाची. टोपली मिनिटाला सुमारे १३०० फेरे घेते. एका बाजूला जड कपडा पडला की सगळे यंत्र थडथडते. वेस्टनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साखरयंत्रात टोपली वरून टांगलेली असते, म्हणजे ती आपला मध्य आपणच शोधते. घरच्या यंत्रात हेच काम खालच्या स्प्रिंगा करतात. धडधड ऐकू आली तर कपडे पुन्हा सारखे पसरावेत. तरीही आवाज राहिला तर एखादी स्प्रिंग सैल झाली किंवा तुटली असे समजावे.

दुसरी अडचण पाण्याची. टोपलीचा दांडा तळाच्या भोकातून खाली मोटारीकडे जातो. त्या भोकातून पाणी झिरपू नये म्हणून तेथे रबराची घडीदार नळी बसवितात. ती झिजली की चिरचिर आवाज येतो, खाली थेंब पडतात आणि गंजाचा डाग दिसतो. अशा वेळी ती नळी बदलावीच. पाणी मोटारीत गेले तर खर्च कितीतरी वाढतो.

तिसरी अडचण थांबविण्याची, आणि ती सर्वांत मोठी. वीज बंद केली तरी भरधाव टोपली बराच वेळ फिरत राहते. तिच्यात हात गेला तर कपड्याबरोबर हातालाही पीळ बसतो. म्हणून झाकणाला ब्रेक जोडला. झाकण उघडले की मोटार बंद होते आणि ब्रेकची पट्टी खालच्या चाकाला आवळते. झाकण लावले की तार ताणली जाऊन पट्टी दूर सरते. ही तार कालांतराने सैल पडते. मग झाकण लावलेले असूनही पट्टी चाकाला घासते, कर्कश आवाज येतो, टोपली मंद फिरते आणि जळका वास सुटतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या ड्रायरला हेच झाले. दुरुस्तीला आलेला माणूस म्हणाला, "वहिनी, ब्रेकच काढून टाकतो, आवाज कायमचा जाईल." आवाज गेला असता यात शंका नाही. पण आमच्या जाऊबाईंचा धाकटा पाच वर्षांचा, आणि त्याला झाकण उघडून टोपली फिरताना पाहण्याचा भारी नाद. मी त्या माणसाला चहा दिला आणि ब्रेकला हात लावू दिला नाही. दुपारी प्लग काढून, यंत्र भिंतीपासून ओढून मागचा पत्रा उघडला. झाकण लावून खालचे चाक हाताने फिरविले, तर ते घासत होते. तार एक घर आवळली तेव्हा ते मोकळे फिरू लागले. मग झाकण उघडून पाहिले. चाक जागच्या जागी घट्ट धरले गेले. दोन्ही गोष्टी पाहिल्यावाचून पत्रा बंद करावयाचा नाही, हे महत्त्वाचे. एक पैसाही खर्च झाला नाही.

भगिनींनो, तेलाविषयी दोन शब्द सांगते. शिवणयंत्राला तेल गुणकारी, पण येथे नाही. ब्रेकच्या पट्टीला तेल लागले तर ती घसरते आणि टोपली वेळेवर थांबत नाही. रबराला तेल लागले तर ते फुगून सैल होते. प्लग काढल्याशिवाय पत्रा उघडू नये, आणि आतल्या विजेच्या तारा जाणकारासाठीच सोडाव्यात.

पेन्झोल्ट आणि वेस्टन यांची नावे पुस्तकांत राहिली. रुळांत ज्यांची बोटे सापडली त्या बायकांची नावे कोठेच नाहीत. ब्रेक असलेले झाकण आपल्या घरात आहे ते तसल्या दुखापती टळाव्यात म्हणूनच. तेव्हा कुरकुर थांबविण्यासाठी कोणी तो ब्रेक काढू म्हणाला, तर त्याला स्पष्ट नाही म्हणावे. थोडा आवाज सोसता येतो; मोडलेला हात सोसावा लागू नये.