दारूविना चालणारी बंदूक

अठराव्या शतकातील सैनिकाची बंदूक ठासणीची असे. नळीच्या तोंडातून दारू व गोळी घालायची आणि गजाने ठासायची. कसलेला सैनिकही मिनिटाला तीन-चारच बार काढी. अशा काळात, 1780 च्या सुमारास, ऑस्ट्रियाच्या सैन्याने बार्तोलोमेओ जिरांदोनी यांची हवेवर चालणारी बंदूक स्वीकारली.

तिचा दस्ता म्हणजेच हवेची लोखंडी टाकी. नळीला लागून असलेल्या नळकांड्यात सुमारे 20 गोळ्या ओळीने राहत. बंदुकीचे तोंड वर करून आडवा ठोकळा दाबला, की गुरुत्वाकर्षणाने एक गोळी त्याच्या खाचेत घरंगळे. ठोकळा सोडताच स्प्रिंगमुळे तो गोळीसह नळीमागे येई. चाप ओढला की झडप क्षणभर उघडे आणि दाबलेली हवा गोळीला ढकली. धूर नाही, ज्वाळा नाही!

मग ही बंदूक मागे का पडली? टाकी भरायला हातपंप सुमारे 1500 वेळा मारावा लागे. टाकीचे सांधे आणि चामड्याच्या चकत्या गळत. शिवाय प्रत्येक बाराला दाब घटे, तसा गोळीचा वेगही उतरे. सुमारे 30 बारांनंतर टाकी बदलणे भाग पडे. 1815 पर्यंत ती सैन्यातून गेली.

वर्गात सायकलचा पंप आणा. तोंडावर बोट दाबून धरा आणि विद्यार्थ्यांना दट्ट्या रेटायला सांगा. दारूत ऊर्जा रासायनिक रूपात आयती साठलेली असते. येथे ती सैनिकाच्या दंडातून यावी लागे. युक्ती उत्तम होती, पण ऊर्जेचा हिशेब कोणालाच चुकत नाही.