शृंगारलेखनाची हौस आणि तिचें मोल

दिवसाचें काम आटोपल्यावर, घरांतलीं माणसें निजल्यावर, एखादी शृंगारकथा लिहून पाहावी अशी हौस असलेलीं माणसें सुशिक्षित समाजांत आहेत. तीं हें लेखन बहुधा टोपणनांवानें करतात आणि घरच्यांस दाखवीत नाहींत. या हौसेचे निंदक म्हणतात कीं, हें पश्चिमेकडून आलेलें खूळ आहे. तिचे कैवारी म्हणतात कीं, हें आमच्या पिढीनें मिळविलेलें स्वातंत्र्य आहे. दोन्ही पक्षांस आपल्याच भाषेच्या इतिहासाचा विसर पडला आहे. महाराष्ट्रांत ही हौस सातवाहनांच्या काळापासून चालत आली असून राजा, विरक्त, गवळी, शिंपी, शिकलगार व कुळकर्णी अशा सर्व प्रकारच्या लोकांनीं ती केली आहे. तिचा वृत्तांत येथें थोडक्यांत सांगावयाचा आहे. श्लील कोणतें व अश्लील कोणतें, हा वाद पुष्कळ झाला. आम्हांस त्याहून महत्त्वाचा वाटणारा प्रश्न निराळा आहे. या हौसेचें मोल आजवर कोणीं दिलें, हा तो प्रश्न होय.

वृत्तांताचा आरंभ 'गाथासप्तशती'पासून करावा लागतो. माहाराष्ट्री प्राकृतांतील सुमारें सातशें गाथांचा हा संग्रह हाल सातवाहन या राजानें केला, असें परंपरा सांगते. परंपरेनें हालाचा काळ इसवी सनाचें पहिलें शतक मानला आहे. संग्रहांत पुढेंहि भर पडत गेली, असें पंडितांचें मत आहे. राज्य करणें हा हालाचा धंदा. गाथा जमविणें ही त्याची हौस. एक कोटि गाथांतून या निवडल्या, असें संग्रहाच्या आरंभींच म्हटलें आहे. ही अतिशयोक्ति वजा घातली तरी गाथा रचणारीं माणसें त्या काळीं थोडीथोडकीं नव्हतीं, इतकें तिच्यावरून कळतें. त्यांचा शृंगार राजवाड्यांतला नाहीं. गोदावरीचें तीर, तिच्या कांठचीं बनें, पिकास आलेलें शेत, परदेशीं गेलेला नवरा, पाटलाचा मुलगा, पाणपोईवर रेंगाळणारा वाटसरू, यांवर तो उभा आहे. बोलणारी बहुधा स्त्री असते. ती सखीला, मामीला किंवा सासूला उद्देशून बोलते, आणि जें सांगावयाचें तें अर्धेंच सांगते. उरलेलें ऐकणाऱ्यानें ओळखावयाचें असतें. गाथाकारांच्या नांवांत रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशीं स्त्रियांचीं नांवेंहि आढळतात. बाणभट्टानें 'हर्षचरिता'च्या आरंभीं सातवाहनाच्या कोशाची स्तुति केली; आनंदवर्धन व मम्मट यांनीं ध्वनीचीं उदाहरणें या गाथांतून घेतलीं; आल्ब्रेख्ट वेबर या जर्मन पंडितानें १८८१ सालीं लाइपझिग येथें संपूर्ण ग्रंथ छापला. खेड्यांतील बायकांच्या चोरट्या बोलण्याला याहून मोठा मान क्वचितच मिळाला असेल.

पुढें ही हौस विरक्तांच्या पंथापर्यंत पोंचली. महानुभाव कवि भास्करभट्ट बोरीकर यानें चौदाव्या शतकाच्या आरंभीं 'शिशुपालवध' हें काव्य रचलें. नांव वधाचें असलें तरी कवीचें मन रमलें तें श्रीकृष्ण व रुक्मिणी यांच्या प्रणयांत. पंथाच्या परंपरेंत अशी कथा आहे कीं, हें काव्य त्यानें आपल्या गुरुबंधूस दाखविलें, तेव्हां त्यानें तें उत्तम उतरल्याचें कबूल केलें, पण निवृत्ति पत्करलेल्यांनीं वाचण्याजोगें तें नव्हे, असाहि अभिप्राय दिला. भास्करभट्टानें मग भागवताच्या एकादश स्कंधावर 'उद्धवगीता' लिहिली. टीकाकारानें कवीस वाळींत टाकलें नाहीं, आणि कवीनेंहि रागावून किंवा लाजून आपला पहिला ग्रंथ पाण्यांत सोडला नाहीं. दोन्ही काव्यें आज वाचावयास मिळतात. एकाच हातानें शृंगार व भक्ति लिहिण्यांत त्या काळच्या मंडळींस फारशी विसंगति वाटत नसे, हें यावरून दिसून येईल.

उत्तर पेशवाईंत या हौसेनें लावणीचें रूप घेतलें. त्या काळच्या शाहिरांचे धंदे पाहिले तर मौज वाटते. होनाजी शिलारखाने हा पुण्याचा गवळी. परशराम हा सिन्नरजवळील बावी गांवचा शिंपी. सगनभाऊ मुसलमान, धंद्यानें शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारा. रामजोशी सोलापूरच्या विद्वान् ब्राह्मण घराण्यांतला. त्याचा थोरला भाऊ मुद्गल जोशी पुराण सांगत असे. अनंत फंदी (१७४४–१८१९) हा संगमनेरचा. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत (१७९६–१८१८) पुण्याच्या दरबारानें लावणीला आश्रय दिला आणि हौसेला बिदागीची जोड मिळाली. जी भूपाळी सुशिक्षित घरांत पहाटे देवापुढें म्हणतात, ती रचणारा होनाजी आणि फडावरचा होनाजी एकच. १९५१ सालच्या 'अमर भूपाळी' या बोलपटानें त्याची भूपाळी घराघरांत नेली. लावणीला मात्र दिवाणखान्यांत यावयास आणखी बराच काळ लागला. य. न. केळकरांनीं संपादिलेल्या एका लावणीसंग्रहाचें नांवच 'अंधारांतील लावण्या' असें आहे, त्यांत पुष्कळ अर्थ आला.

गाथेप्रमाणें लावणींतहि बोलणारी बहुधा स्त्रीच असते. परंतु येथें एक मोठा फरक पडला. गाथा ऐकावयाची किंवा वाचावयाची. लावणी गाऊन व नाचून दाखवावयाची. लिहिणारा एक आणि ते शब्द आपल्या अंगावर घेऊन लोकांसमोर उभें राहणारें माणूस दुसरें. आरंभीं तमाशांत स्त्रीवेष घेतलेला नाच्या पोऱ्या असे. पुढें स्त्रिया उभ्या राहूं लागल्या, आणि त्या बहुतेक कोल्हाटी किंवा त्या काळीं अस्पृश्य मानलेल्या जातींतील असत. रामजोशाला तमाशाच्या नादापायीं भावानें घराबाहेर काढलें. पण तो पंढरपुरास जाऊन शास्त्राध्ययन करून परत आला आणि उत्तर वयांत कीर्तनकार म्हणून मान पावला. अनंत फंदीनें अहल्याबाई होळकरांच्या शब्दावरून तमाशा सोडून कीर्तन धरलें, अशी आख्यायिका आहे. शाहिराला परतीची वाट होती. कीर्तनाच्या चौरंगावर त्याला जागा मिळाली. जिनें त्याची लावणी म्हटली, तिला असा चौरंग कोणीं दिल्याचें ऐकिवांत नाहीं.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली व दरबारी आश्रय आटला. लावणी मग गांवोगांवच्या जत्रांतून पोट भरूं लागली. पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यांत नांदे म्हणून एक गांव आहे. २०२१ सालीं सूस व म्हाळुंगे हीं गांवें पुणें महानगरपालिकेंत आल्यापासून शहर तेथून फार लांब राहिलेलें नाहीं. अशा गांवांतून जत्रेच्या रात्रीं तमाशाचा फड लागणें ही या मुलखाची जुनी चाल. गांवाचें नांव ऐकतांच आपलें 'नांदणें' हें क्रियापद आठवतें. मराठींत सून नांदते, लेक नांदावयास जाते. त्या एका शब्दांत घर, सुख व प्रतिष्ठा हीं तिन्ही येतात. फडावरची बाई मात्र नांदत नाहीं, असा समाजाचा निवाडा ठरलेला होता. रात्रीं तिच्या गाण्यावर दौलतजादा करणारा गृहस्थ सकाळीं तिला ओळखहि दाखवीत नसे. तिच्या तोंडचे शब्द कोणा पुरुषानें हौसेनें लिहिले होते, हें सर्वांस ठाऊक असे. पण त्यांचा डाग तिलाच लागे.

पठ्ठे बापूरावांच्या चरित्रांत ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. श्रीधर कृष्णाजी कुळकर्णी हें त्यांचें मूळ नांव. १८६६ सालीं वाळवें तालुक्यांतील रेठरें हरणाक्ष येथें त्यांचा जन्म झाला. लहानपणीं कवनें रचण्याचा नाद लागला, आणि त्यापायीं त्यांनीं जात व कुळकर्णपण सोडून तमाशा धरला. त्यांच्या फडांतली पवळा ही संगमनेर तालुक्यांतील हिवरगांव पावसा येथील महार समाजांतली. तमाशांत उभ्या राहिलेल्या पहिल्या नामांकित स्त्रियांत तिची गणना होते. बापूरावांच्या शब्दांस तिच्या गळ्यानें व पावलांनीं कीर्ति मिळवून दिली. हौसेची किंमत बापूरावांनींहि दिली, हें नाकबूल करतां येणार नाहीं. १९४५ सालीं ते पुण्यांत विपन्नावस्थेंत वारले. तथापि त्यांचें नांव वाङ्मयाच्या इतिहासांत गेलें, आणि पवळेचें नांव त्यांच्या नांवाच्या शेपटास राहिलें.

महाडच्या सत्याग्रहाच्या सुमारास, म्हणजे १९२७ सालीं, बापूरावांनीं तमाशाच्या उत्पन्नांतून त्या कार्यास पैसा देऊं केला आणि डॉ. आंबेडकरांनीं तो घेण्याचें नाकारलें, अशी आठवण प्रसिद्ध आहे. आपल्या समाजांतील स्त्रियांस नाचवून मिळालेला पैसा त्या समाजाच्या मुक्तीसाठीं नको, हा त्यामागचा भाव. एवढ्यावरून कोणी म्हणेल कीं, आंबेडकर शृंगाराच्या विषयासच प्रतिकूल होते. परंतु त्याच १९२७ सालीं रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलें, कामविषयक प्रश्नांची उघड चर्चा केली, आणि १९३४ सालीं त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हां त्यांचे वकील म्हणून न्यायासनापुढें उभे राहिले ते डॉ. आंबेडकरच. कर्व्यांस दंड झाला. तरी मासिक १९५३ सालीं त्यांच्या मृत्यूपर्यंत चाललें. या दोन गोष्टी शेजारीं ठेवल्या म्हणजे आमचा मुद्दा उजळतो. कर्वे स्वतःच्या नांवानें लिहीत आणि त्याचा दंड स्वतः भरीत. तमाशांत लिहिणाऱ्याचा दंड दुसरीच कोणी भरीत होती. आंबेडकरांनीं पहिल्यास आधार दिला व दुसऱ्याचा पैसा परत केला, यांत आम्हांस कोणतीहि विसंगति दिसत नाहीं.

छापखाना आल्यावर या हौसेचा न्याय कायद्याकडे गेला. १८६० च्या दंडसंहितेंतील २९२ वें कलम आणि वाचकाचें मन बिघडविण्याची प्रवृत्ति पाहणारी, १८६८ सालीं इंग्लंडांत हिक्लिनच्या खटल्यांत ठरलेली कसोटी, यांवर आपल्याकडील न्यायाधीश दीर्घकाळ चालत आले. मराठींतील गाजलेला दाखला चंद्रकांत काकोडकरांचा. त्यांची 'श्यामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकांत आली. तिच्यांत एक कवि व त्याच्या जीवनांत येणाऱ्या तीन स्त्रिया यांची हकीकत आहे. पुण्यांत फिर्याद झाली. मॅजिस्ट्रेटनें आरोपींस सोडलें. उच्च न्यायालयानें लेखकास दोषी ठरवून पंचवीस रुपये दंड केला. आणि १९६९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती शिक्षा रद्द केली. कथा वाङ्मय म्हणून सामान्य व अभिरुचीच्या दृष्टीनें उणी असली, तरी तेवढ्यानें ती गुन्हा ठरत नाहीं, असें त्या निकालाचें तात्पर्य. पंचवीस रुपयांच्या दंडापायीं प्रकरण सात वर्षें चाललें! १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागीं न्याय संहिता आली व २९२ चें २९४ झालें. कलमाचा विषय तोच राहिला. कायद्याची ही पद्धति आम्हांस सर्वथा पसंत आहे असें नाहीं. पण तिच्यांत एक प्रामाणिकपणा आहे. ती लिहिणाऱ्यास व छापणाऱ्यास पुढें बोलावते, कथेंतल्या बाईस बोलावीत नाहीं.

आतां आजच्या हौशी लेखकाकडे वळूं. त्याला आश्रयदाता लागत नाहीं, फड लागत नाहीं, टोपणनांवामुळें लोकलज्जेचीहि बाधा होत नाहीं. त्याच्या हौसेचें मोल कांहींच नाहीं, असें वरवर दिसतें. पण त्यानें आपल्या कथेंत कचेरींतली सहकारीण, शेजारची सून किंवा वर्गांतली मुलगी ओळखूं येईल अशी रंगविली, तर त्यानें जुन्या फडाचीच व्यवस्था पुन्हां मांडली असें आम्ही म्हणूं. नांव झांकलें तें लिहिणाऱ्याचें. उघडी पडली ती दुसरी. पवळा निदान आपल्या कलेच्या बळावर लोकांसमोर उभी राहिली होती. हिला तर कोणीं विचारलेंहि नाहीं.

म्हणून ही हौस ज्यांस आहे, त्यांनीं तिची लाज बाळगूं नये आणि तिचा अभिमानहि फार मिरवूं नये. त्यांनीं हालाचा संग्रह जवळ ठेवावा. गाथेंतली स्त्री जिवंत आहे, चतुर आहे, आपल्या इच्छेची मालकीण आहे. आणि इतकें असूनहि कोणत्या गांवची, कोणाची कोण, हें अठराशें वर्षांत कोणास सांगतां आलेलें नाहीं. तिच्या सुनेपणास धक्का न लावतां कवीनें तिला बोलतें केलें. नांद्याच्या नव्या घरांत किंवा जुन्या पेठेच्या वाड्यांत, जेथें कोणी रात्रीं दिवा लावून शृंगार लिहावयास बसला असेल, त्यानें आपल्या लेखनानें सकाळीं कोणाच्या नांदण्यास बाध येणार नाहीं, एवढी काळजी घ्यावी. बाकी चांगलें कीं वाईट, तें वाचक ठरवितील.