सोळा आण्यांची माती

वरणगावाहून तापीपलीकडं गेलं की सावदा-फैजपूरचा पट्टा लागतो. 1852 साली इथले शेतकरी शेतसाऱ्यासाठीच्या सरकारी जमीनमोजणीविरुद्ध उठले. एरंडोललाही तेच झालं. 1880 च्या खानदेश गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे ती उपद्रव म्हणून. जमाव, अडलेली मोजणी, मग बळानं आणलेली शांतता. मोजणी हा उपाय होता, हे गॅझेटियर धरूनच चालतं.

उपाय कशावरचा? ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासक कॅरल बाकी म्हणतात की धोरण आयती अडचण सोडवत नाही, अडचण कोणती हे तेच ठरवतं. म्हणून उपायाकडून मागं चालत जायचं.

मागं गेलं की गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन या ब्रिटिश मोजणी अधिकाऱ्यांचा 1847 चा संयुक्त अहवाल हाती येतो. त्यातली प्रतबंदी बघण्यासारखी आहे. कागदावर शेताचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात मातीची खोली तपासायची. पावणेदोन हात खोल काळी कसदार माती म्हणजे सोळा आणे, सर्वांत वरची प्रत. चुनखडी, वाळू, उतार, साचणारं पाणी असा एकेक दोष निघाला की माती एक प्रत खाली. त्यावरून आकारणी, ती तीस वर्षांसाठी कायम.

म्हणजे या कागदापुरती अडचण एवढीच, की सारा शेताशेतांत असमान बसतो. मग इलाज सरळ, नीट मोजा. मुळात सरकारनं किती घ्यावं आणि ते कुणी ठरवावं, याला त्या चौकोनांत रकाना नव्हता. हा प्रश्न बोलायचा तर मोजणीच अडवावी लागे. आणि अडवली की तो महसुलाचा प्रश्न उरत नसे, फौजदारीचा होई.

विंगेटला खलनायक करण्यात अर्थ नाही. त्याच्याआधी प्रिंगल या अधिकाऱ्याच्या आकारणीनं दख्खनची शेती पार मोडली होती. दर सोसवतील असे करणं हा विंगेटचा खरा हेतू होता. दिवाणी कोर्टं सावकाराच्या हातचं हत्यार झाली आहेत, हेही त्यानं 1852 मध्येच लिहून ठेवलं. कर्जाचं दुखणं त्याला दिसत होतं. सारा रोखीनं, ठरल्या तारखेला भरायला लावणारं सरकार मात्र त्या दुखण्याच्या कारणांत ठळकपणे येत नाही.

डिसेंबर 1936 मध्ये याच फैजपुरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. त्या चौकोनांत न मावलेला प्रश्न तिथं उघड बोलला गेला: शेतीविषयक ठरावात खंड आणि शेतसारा भरीव प्रमाणात कमी करण्याची मागणी होती.