चंद्राच्या पानावरचा नांगीवाला

मध्यंतरी माझ्या मावसबहिणीने एका ओळखीच्या बाईंकडून टॅरोची पानं काढून घेतली. तिला पान आलं 'चंद्र'. वर उदास चेहऱ्याचा चंद्र, मागे दोन बुरूज, तोंड वर करून ओरडणारा एक कुत्रा आणि एक लांडगा, आणि खाली पाण्यातून बाहेर सरपटणारा एक नांगीवाला प्राणी. हा प्राणी म्हणजे दडलेला दगा, कुणीतरी जवळचंच, असं बाई म्हणाल्या. झालं! ताईने वीस वर्षांच्या मैत्रिणीचे फोन घेणं बंद केलं.

मला बाईंपेक्षा त्या प्राण्याचाच राग आला. म्हटलं, हा मुळात इथे आला कुठून ते तरी बघू.

हा खेकडा नव्हे. युरोपातल्या गोड्या पाण्यातला क्रेफिश, आपल्या शेवंडासारखा लांबट, पण पुढे मोठ्या नांग्या असलेला. टॅरोची सगळ्यात जुनी पानं 15व्या शतकातली, उत्तर इटलीतली. मिलानच्या राजघराण्यासाठी रंगवलेल्या संचात चंद्राच्या पानावर एक बाई हातात चंद्रकोर धरून उभी आहे. प्राणी एकही नाही. पण साधारण 1500 च्या सुमाराचा एक न कापलेला छापील ताव येल विद्यापीठात आहे, त्यावर आपले नांगीवाले साहेब पाण्यात हजर आहेत. कुत्री पुढे फ्रान्समधल्या छापांत पक्की झाली.

का आला असेल? मराठी माणसाला हे कोडं पडायला नको खरं तर. कर्क राशीचा स्वामी चंद्र, हे आपल्याकडे पंचांग उघडणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. हे राशी-स्वामींचं गणित ग्रीक ज्योतिषातून त्यांच्याकडेही गेलं आणि आपल्याकडेही आलं. आणि मध्ययुगातले युरोपीय चित्रकार कर्क राशीसाठी खेकड्याऐवजी सर्रास क्रेफिश काढत. म्हणजे चंद्राखाली त्याची रास काढली, एवढीच ही गोष्ट! दगा नाही की फटका नाही.

शिवाय ही पानं तेव्हा भविष्यासाठी नव्हतीच. खेळायची होती. चंद्र अठराव्या क्रमांकाचा हुकूम. तो सतराव्या ताऱ्याला मारतो आणि एकोणिसाव्या सूर्याकडून मार खातो. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत मासा आणि कासव असतात, पण ते कुठल्या अवताराचं पान हे ओळखायला. मासा आला म्हणून कुणी पाण्यापासून जपून राहत नाही.

मग 1781 साली पॅरिसमध्ये कूर द जेबलँ नावाच्या विद्वानाने आपल्या ग्रंथाच्या आठव्या खंडात जाहीर केलं की ही पानं म्हणजे प्राचीन इजिप्तचं ज्ञान आहे. चंद्रातून पडणारे थेंब म्हणजे नाईलला पूर आणणारे आयसिस देवीचे अश्रू, वगैरे. गंमत म्हणजे इजिप्तची चित्रलिपी तेव्हा कुणालाच वाचता येत नव्हती. शांपोलिओंने ती उलगडली 1822 मध्ये. नांगीवाल्याला कर्क रास म्हणून जेबलँने ओळखलं होतं, बरं का, पण तेवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही.

ताईच्या हातात आलेलं पान मात्र 1909 च्या लंडनच्या संचातलं. चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंची. ऐंशीएक चित्रांचं हे मोठं काम फार थोड्या पैशात केल्याचं त्यांनी स्वतः एका पत्रात लिहून ठेवलंय. अर्थ लावणारे आर्थर वेट. जेबलँची इजिप्तची कहाणी वेटना मान्य नव्हती. पण नांगीवाल्याला त्यांनी मनाच्या तळातून वर येऊ पाहणारी, पशूहूनही हीन अशी प्रवृत्ती ठरवलं. तिथून पुढे शंभर वर्षं हात बदलत बदलत तो आमच्या ताईच्या मैत्रिणीपर्यंत पोचला.

हे सगळं मी ताईला सांगितलं, चित्रं दाखवली. तिने शांतपणे ऐकून घेतलं. क्रेफिशकडे जरा वेळ बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "अरे, पण माझी रासच कर्क आहे की! म्हणजे तो प्राणी मीच."

संध्याकाळी तिने मैत्रिणीला फोन लावला. पहिल्या दोन वेळा समोरून उचलला गेला नाही.