दम आणि घड्याळ

अलिबागच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला वेळ म्हणजे काय हे घड्याळाने शिकविले नाही, समुद्राने शिकविले. कुलाबा किल्ल्यावर पायी जावयाचे तर ओहोटी साधली पाहिजे आणि भरती चढण्यापूर्वी परतले पाहिजे. तेथे कोणाचा वशिला चालत नाही, की कोणाशी हुज्जत घालता येत नाही. खेळातील वेळेचे मात्र तसे नाही. तेथे वेळ माणसानेच ठरविलेली असते, ती माणूसच मोजतो, आणि म्हणून तिच्यावरून भांडणही होते. हे भांडण आपल्या हुतुतूत, म्हणजे आजच्या कबड्डीत, कसकसे वाढत गेले हा आजचा विषय आहे.

वेळ कोणाची खरी, हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. मुंबईच्या कुलाबा येथील वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली, तेव्हा बंदरातील जहाजांना अचूक वेळ मिळावी हाही तिचा एक हेतू होता. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय निरीक्षणे बिघडतील म्हणून ते काम १९०४ साली आपल्या अलिबागेत आणले गेले. १९०६ च्या आरंभी सरकारने साऱ्या देशाला एकच प्रमाणवेळ लावली, तरी मुंबई शहराने आपली जुनी वेळ सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे, आणि १९५५ पर्यंत शहरात तिचा वापर चालू होता. रेवसहून धक्क्यावर उतरणाऱ्या प्रवाशाला 'किती वाजले?' या साध्या प्रश्नाची दोन उत्तरे मिळण्याचा तो काळ. दोन घड्याळे, आणि दोन्ही खरी! कबड्डीच्या मैदानावरही असाच प्रकार आहे, आणि तो तितका लवकर मिटलेला नाही.

कबड्डीचे पहिले घड्याळ म्हणजे चढाई करणाऱ्या गड्याचा दम. जगात चेंडूचे, काठीचे, जाळ्याचे खेळ पुष्कळ आहेत. पण खेळाडूच्या छातीतील श्वासालाच कालमापक मानणारा खेळ विरळा. महाराष्ट्रात 'हुतुतू', बंगालात 'हाडुडू', तामिळनाडूत 'चेडुगुडु' असे नाव निरनिराळे. परंतु तत्त्व एकच. मध्यरेषा ओलांडण्यापूर्वी दम धरावा, तो अखंड आणि स्पष्ट उच्चारावा, आणि तुटण्याच्या आत आपल्या अंगणात परत यावे. हे घड्याळ प्रत्येकाचे वेगळे. ज्याची छाती मोठी त्याचे घड्याळ सावकाश चाले. ते दिसत नाही, केवळ ऐकू येते. म्हणून जुन्या पंचाचे मुख्य इंद्रिय डोळा नसून कान होता. तो चढाईच्या गड्याबरोबर रेषेकडेने सरकत असे आणि शब्द कोठे अडखळला, कोठे नवा श्वास चोरून घेतला, हे टिपत असे. हे चोरणे मोठ्या कौशल्याचे काम होते, हे ज्यांनी मातीवर खेळ पाहिला आहे त्यांना सांगावयास नको.

आता दुसऱ्या घड्याळाकडे वळू. पूर्वी हुतुतूचे तीन प्रकार प्रचारात होते. गामिनी प्रकारात बाद झालेला गडी बादच राहावयाचा. साऱ्या संघावर लोण चढेपर्यंत त्याला परत येणे नाही. पाच किंवा सात लोण आधी चढवील तो संघ जिंकला. मग त्याला अर्धा तास लागो की सारी संध्याकाळ जावो. येथे घड्याळाचे नावच नव्हते. अमर प्रकारात बाद झालेला गडी मैदान सोडीतच नसे, केवळ गुण मोजला जाई. संजीवनीत मात्र प्रतिपक्षाचा एक बाद झाला की आपला एक जिवंत होऊन परत येई. जो खेळ असा पुन्हापुन्हा जिवंत होतो तो आपणहून संपणार कसा? त्याला बाहेरूनच शेवट दिला पाहिजे. म्हणून संजीवनीला वीस-वीस मिनिटांचे दोन डाव लागले. माझ्या मते आपल्या खेळाच्या इतिहासातील सर्वांत मोठा फेरबदल हाच होय. मैदानाची मापे बदलली, गडी नवाचे सात झाले, मातीच्या जागी मॅट आली. परंतु मृत्यूने संपणारा खेळ वेळेने संपू लागला, या बदलाशी त्यांतील एकाचीही तुलना होणार नाही.

हे एका दिवसात घडले नाही. १९२१ च्या सुमारास महाराष्ट्रात संजीवनी आणि गामिनी यांचा मेळ घालणारी नियमांची चौकट तयार झाली. १९२३ साली ती सुधारून बडोद्याच्या स्पर्धेत लागू करण्यात आली. १९३८ साली कलकत्त्याच्या अखिल भारतीय ऑलिंपिक स्पर्धांत कबड्डीला स्थान मिळाले, १९५० साली अखिल भारतीय महासंघ निघाला, आणि अखेर संजीवनीचाच प्रकार देशमान्य ठरला. आपल्याकडे या कार्याशी शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचे नाव जोडले गेले आहे. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात.

जाता जाता खोखोचाही उल्लेख केला पाहिजे. त्या खेळाने घड्याळाशी वैर न धरता त्याला घरातच घेतले. पळणारा गडी किती मिनिटे आणि किती सेकंद टिकला यावरच त्याची कीर्ती ठरते, आणि विजयी संघ 'दोन मिनिटे राखून' जिंकला असे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. तेथे वेळ ही जणू हिशेबातील शिल्लक आहे.

कबड्डीत मात्र दोन घड्याळांची गाठ पडली आणि एक नवीच युक्ती जन्माला आली. आघाडीवरच्या संघाने लांब दमाचा गडी पाठवावयाचा. त्याने मध्यरेषेच्या आसपास घुटमळत, निदानरेषा कशीबशी ओलांडून, कोणाच्या हाती न लागता सावकाश परतावयाचे. छातीतील घड्याळ चालवून टेबलावरचे घड्याळ खावयाचे! नियमभंग काहीच नाही. पण प्रेक्षक ओरडतात, आणि ओरडतात ते योग्यच. आपल्या मराठी परिभाषेत मुख्य अधिकाऱ्याला 'सरपंच' म्हणतात. हा शब्द गावगाड्यातून आला आहे आणि अपेक्षाही तेथूनच आली आहे: त्याने नियम तर पाळावाच, पण न्यायही करावा. या दोहोंत अंतर पडले की सरपंचाची स्थिती अवघड होते.

ही अडचण आपल्या एकट्याची नव्हे. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल, म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावण्याचा तो दांडगा खेळ, घड्याळाच्या बाबतीत जगातील सर्वांत किचकट म्हणावा लागेल. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग. पण फेकलेला चेंडू न झेलता जमिनीवर पडला की घड्याळ थांबते, गडी चेंडूसह मैदानात पाडला गेला तर सामान्यतः चालू राहते. म्हणून मागे पडलेला संघ चेंडू फेकतो आणि पुढे असलेला संघ तो पोटाशी धरून धावतो. वेळ खाण्याची युक्ती तेथेही आहेच, आणि तिला आळा घालण्यासाठी प्रत्येक चाल ठराविक सेकंदांत सुरू करण्याचे बंधन आहे. प्रत्येक अर्ध्याच्या शेवटी दोन मिनिटे उरली की खेळ थांबवून तशी सूचना देतात. ही प्रथा अशी पडली की, पूर्वी अधिकृत वेळ मैदानावरील पंचाजवळच असे. फलकावरचे घड्याळ केवळ लोकांच्या माहितीपुरते. तेव्हा दोन्ही पक्षांना खरी वेळ एकदा सांगणे भाग होते. पुढे फलकावरचे घड्याळच अधिकृत झाले, सूचनेचे मूळ कारण संपले, सूचना मात्र टिकली.

त्याच खेळातील १९ जानेवारी २००२ चा एक सामना तेथे अजून विसरलेले नाहीत. न्यू इंग्लंड आणि ओकलंड हे दोन संघ, बर्फ पडत होते, आणि अखेरची दोन मिनिटेही उरली नव्हती. न्यू इंग्लंडचा नायक टॉम ब्रेडी याच्या हातून चेंडू सुटला आणि प्रतिपक्षाने तो उचलला. सामना संपल्यातच जमा होता. पंचांनी चित्रफीत पाहिली आणि निर्णय फिरविला. हात पुढे नेऊन चेंडू पुन्हा अंगाशी घेताना तो सुटला तर ती अपुरी फेकच समजावी, असा एक नियम पुस्तकात होता. तो पंचांनी लावला. न्यू इंग्लंडने जादा वेळेत सामना १६-१३ असा जिंकला. पंच चुकला नव्हता. नियमच लोकांच्या न्यायबुद्धीला पटत नव्हता. २०१३ साली तो काढून टाकण्यात आला. हरलेल्यांना त्याचा काय उपयोग, हे विचारू नये.

आता आपल्या मैदानावर परत येऊ. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि प्रत्येक चढाईला तीस सेकंदांची मर्यादा सर्वांच्या डोळ्यांसमोर लागली. लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवावा, नाही तर बाद व्हावे, असेही ठरले. वेळ खाण्याच्या जुन्या युक्तीवर हे उत्तम औषध होते, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. परंतु औषधाचा दुसराही परिणाम झाला. 'कबड्डी, कबड्डी' हा उच्चार नियमाने आजही आवश्यक आहे. पण सेकंद दाखविणारा आकडा समोर असताना आणि सभागृहात कर्णे वाजत असताना त्या उच्चाराकडे कान देणार कोण? पंचाचा डोळा वाढला आणि कान क्षीण झाला. खेळाचा आत्मा ज्या श्वासात होता तो आता बराचसा शिष्टाचारापुरता उरला आहे, असे माझे मत आहे. तरुण खेळाडूंना ते पटणार नाही, याची मला कल्पना आहे.

आणि तरीही आकडे स्पष्ट दिसत असताना भांडण मिटते काय? ७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझौ येथे आशियाई स्पर्धेतील पुरुषांचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात होता. १९९० पासून सलग सात सुवर्णपदके मिळविलेला भारत २०१८ साली याच इराणकडून उपांत्य फेरीत हरला होता. तेव्हा ही केवळ एक लढत नव्हती. गुण २८-२८, वेळ जेमतेम मिनिटभर उरलेला, आणि भारताचा कर्णधार पवन सेहरावत निर्णायक तिसऱ्या चढाईवर. तो कोणाला स्पर्श होण्यापूर्वीच कडेच्या राखीव क्षेत्रात गेला आणि इराणचे बचावपटू त्याच्या मागोमाग तेथे उतरले. राखीव क्षेत्र स्पर्श झाल्यावाचून खुले होत नाही. मग बाद कोण? एका नियमाप्रमाणे एकटा चढाईचा गडी. दुसऱ्याप्रमाणे त्याच्यामागे तेथे गेलेले बचावपटूही. आधी दोघांना एकेक गुण दिला गेला, भारताने हरकत घेतली, निर्णय फिरला. मग इराणने हरकत घेतली, पुन्हा फिरला. खेळाडू मैदानात बसून राहिले. मिनिटभराच्या खेळासाठी सुमारे तासभर सामना तहकूब होता. अखेर कौल भारताच्या बाजूने लागला आणि सामना ३३-२९ असा संपला.

सुवर्णपदक आपल्याला मिळाले, म्हणून आपण तो तास लवकर विसरलो. इराणी खेळाडूच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले तर तो तास लांबलचक वाटेल. तेथे चित्रफीत होती, घड्याळ होते, शिकलेले पंच होते. नव्हते ते एकच: कोणते पुस्तक चालू आहे याविषयी सामन्यापूर्वीची एकवाक्यता. रात्रीच्या सामन्यांत अलिबाग, पेण, उरणकडच्या गावकीचा पंच खेळ सुरू होण्याआधी दोन्ही नायकांना रेषेवर बोलावून 'बोनस आहे, राखीव असे धरणार' असे दोन वाक्यांत सांगून टाकतो, त्याची थट्टा करण्याचे कारण नाही.

नियमपुस्तकात आणखी एक छोटे कलम आहे. डावाची वेळ संपली तरी चालू असलेली शेवटची चढाई पुरी होऊ द्यावी. टेबलावरचे घड्याळ शून्यावर आलेले असते, वेळाधिकारी उभा राहिलेला असतो, आणि प्रतिपक्षाच्या अंगणात एक गडी अजून दम घेऊन फिरत असतो. तो परत येईपर्यंत किंवा धरला जाईपर्यंत सरपंचाला डाव संपल्याची शिट्टी वाजविता येत नाही.